अनुभव धागा : कामातलं तुमच्या हाताला कधी कळायला लागलं?

जमाखर्ची :
काल आमच्याकडच्या नव्या मुलाचा ताळा जुळेना. दोन तास मान खाली घालून बसला होता. मी पाणी प्यायला उठले, जाता जाता विचारलं, "फरक किती?" म्हणाला, ५४. म्हटलं, "आकडे उलटे पडलेत कुठेतरी. २८ चे ८२ वगैरे बघ." दहा मिनिटांत सापडलं. माझ्याकडे असा बघत राहिला, जणू माझ्या अंगातच आलंय.

फरकाला ९ ने भाग गेला की आधी अदलाबदल शोधायची. सम आकडा असेल तर त्याच्या निम्मी रक्कम शोधायची, ती बरेचदा जमेच्या ऐवजी नावेच्या बाजूला पडलेली असते. हे मला ज्या मॅडममुळे कळलं त्यांनी ते शिकवलं नव्हतंच. माझा फरक ३४० होता, मी रडकुंडीला आलेले. त्या मागून गेल्या, "एकशेसत्तर शोध" म्हणाल्या आणि निघून गेल्या. सापडलं. पण इतका राग आला! का ते सांगायला काय जात होतं?

आणि काल त्या मुलाने विचारलं, "मॅडम, कसं कळलं?" तर माझ्या तोंडून निघालं, "सवयीने." घरी येईपर्यंत तेच डोक्यात.

तर लिहा. पहिल्या दिवसापासून इथवर कसे आलात? आणि मधे कुठे अडकून पडला होतात? मी तिसऱ्या वर्षी अडकले होते. नियम सगळे पाठ, चुका तेवढ्याच.

आकडेमोड :
नुसती अदलाबदल नाही हं. ६० च्या जागी ६ पडला तरी फरक ५४च येतो. मी शून्य खाल्लंय का ते आधी बघते. बाकी नंतर लिहिते, बस आली.

लेथवाला :
ट्रेनिंगला पहिले काही महिने फक्त कानस. लोखंडाचा ठोकळा घासायचा, गुण्या (काटकोन तपासायची पट्टी) लावून उजेडात धरायचा, फटीतून प्रकाश दिसला की परत घासायचा. हाताला फोड. वाटायचं, मशीन असताना हा छळ कशाला.

मग लेथवर, म्हणजे लोखंड फिरवून कापायच्या मशीनवर आलो. प्रत्येक कटनंतर मायक्रोमीटर. उस्ताद यायचे, न मोजता नुसता आवाज ऐकून "फीड कमी कर" म्हणायचे, म्हणजे टूल हळू पुढे सरकव. चिपचा, म्हणजे कापताना निघणाऱ्या सालीचा रंग बघायचे. हायस्पीड स्टीलच्या टूलला चिप निळी यायला लागली की वेग जास्त झाला, टूल जळणार. कार्बाइडच्या टूलला तीच निळी चिप चालते. हे मला पाठ होतं, पण त्यांना दिसायचं. फरक कळतोय ना?

दुसऱ्या वर्षी शिंगं फुटली. एक शाफ्ट फिनिश केला, गरम असतानाच मोजला, बरोबर मापात. छाती फुगवून घरी गेलो. सकाळी तपासणीत कमी भरला. १०० मिमीचा स्टीलचा जॉब (मशीनवर घेतलेला तुकडा) तीसेक अंशांनी तापला तर ०.०३ मिमीच्या वर फुगतो. थंड झाला की बसतो जागेवर. पुस्तकात वाचलेलं होतं हो! परीक्षेत लिहिलंही होतं. काढलेलं लोखंड परत चिकटवता येत नाही.

उस्ताद रागावले नाहीत. तो शाफ्ट माझ्या कपाटावर ठेवला, बस. पाच वर्षं तिथेच होता.

सेमीकोलन :
डिलीट लिहिलं. व्हेअर, म्हणजे कुठल्या नोंदी पुसायच्या ती अट, विसरलो. चालू डेटाबेसवर. एवढंच सांगतो.

आकडेमोड :
@सेमीकोलन, बॅकअप नव्हता?

सेमीकोलन :
होता की. तो परत चढतो का, हे कुणी कधी करून बघितलं नव्हतं.

रात्रपाळी :
हसू की रडू @सेमीकोलन

माझं कॅन्युलाचं, म्हणजे सलाईनसाठी शिरेत बसवायच्या नळीचं. सुरुवातीला मी डोळ्यांना दिसेल ती शीर धरायची. हिरवीगार, ठळक. सुई टोचली की ती बाजूला सरकायची किंवा फुगायची. एका आजोबांना तीनदा टोचलं. माझेच हात थरथरायला लागले तर तेच म्हणाले, "बाळा, आधी श्वास घे." अजून आठवतात.

मग सिस्टरनी माझे डोळे मिटायला लावले आणि बोट ठेवायला सांगितलं. दिसते ती नाही, बोटाखाली उसळते ती. खूप दिवस काहीच कळलं नाही, मी नुसतं "हो हो" म्हणायचे. मग एके रात्री कळलं. कसं ते विचारू नका.

सहा वर्षांनी नवजात बाळांच्या विभागात बदली. इथे २४ नंबरची पिवळी सुई, आणि हात माझ्या अंगठ्याएवढा. पहिल्याच दिवशी मी परत शिकाऊ! मोठ्यांच्या वॉर्डात लोक मला शोधत यायचे आणि इथे मी कोपऱ्यात उभी. नंतर वाचनात आलं, पॅट्रिशिया बेनर यांनी १९८४ मध्ये नर्सिंगबद्दल नेमकं हेच मांडलंय. अनुभवी नर्ससुद्धा अनोळखी रुग्णांमध्ये गेली की पहिल्या पायरीवर येऊ शकते. आधी वाचलं असतं तर थोडं कमी रडले असते.

बेल वाजली, पळते.

नवाकोरा :
मला आठ महिने झाले. पहिल्या तीन महिन्यांत भराभर यायला लागलं, सगळे कौतुक करायचे. आता उलट जातोय असं वाटतं. आधी न विचारता करायचो, आता प्रत्येक गोष्टीला शंका येते. हे फक्त माझंच आहे का?

काजबटण :
@नवाकोरा नाही रे बाबा.
माझं पहिलं वर्ष काजं, बटणं आणि तुरपाई. कात्रीला हात लावायचा नाही. मग शिलाई. मग बाही. बाहीचा वरचा गोल मुंढ्यापेक्षा (बाही जोडतात त्या भोकापेक्षा) मुद्दाम मोठा कापलेला असतो, ते जास्तीचं कापड चुणी न दिसता खपवायचं. मी अकरा वेळा उसवली एक बाही. कापडालाच भोकं पडली टाक्यांची. मास्तर म्हणाले, "ओढू नकोस, त्याला बसू दे." म्हणजे काय करू?? आता मी माझ्या मुलींना शिकवते तेव्हा माझ्याही तोंडून हेच येतं, ओढू नका, बसू दे. त्याही माझ्याकडे तशाच बघतात.

पुस्तकीकिडा :
@नवाकोरा १८९७ मध्ये ब्रायन आणि हार्टर या दोघांनी तारयंत्र शिकणाऱ्यांचा वेग आठवड्या-आठवड्याने मोजला होता. तार पाठवण्याचा वेग चढत जायचा, पण ऐकून घेण्याचा मधेच आडवा पडायचा. कितीतरी आठवडे तिथेच. मग एकदम वर. तोवर कान अक्षरं सोडून शब्द ऐकायला शिकत असतो, असं त्यांचं म्हणणं. तुझे ते आडवे आठवडे चालू असतील.

नवाकोरा :
आणि वर गेलाच नाही तर?

पुस्तकीकिडा :
मग माझ्यासारखा पुस्तकं वाचशील.

लेथवाला :
हाहा. @काजबटण, ताई, "बसू दे" आमच्याकडेही आहे. टूलवर जोर दिला की उस्ताद म्हणायचे, "त्याला कापू दे, तू नको कापूस."
बाकी वाकून वाकून मान गेली माझी. कुणाला काही उपाय माहीत आहे?

काजबटण :
मान नाही, माझे डोळे गेले. काळ्या कापडावर काळा दोरा, बास.

आकडेमोड :
@लेथवाला टेबल उंच करून घ्या. मी स्क्रीनखाली जाड रजिस्टरं ठेवलीत, तीन. रजिस्टरांचा तेवढाच उपयोग उरलाय आता.

जमाखर्ची :
किती लिहिलंत सगळ्यांनी! @रात्रपाळी, ते आजोबा माझ्याही डोक्यातून जात नाहीयेत.

आज दुपारी त्या मुलाला शेजारी बसवून सगळं सांगितलं, ९ चं, निम्म्याचं, शून्याचं (@आकडेमोड, तुमचं नाव घेऊन). सांगताना मीच दोनदा अडखळले. संध्याकाळी त्याचा फरक आला ८१. खुशीत अदलाबदल शोधायला बसला. तासभर. निघाल्या दोन वेगळ्याच चुका, एक ५० ची आणि एक ३१ ची.

म्हणाला, "मॅडम, तुमचा नियम खोटा आहे."

लेथवाला :
शाफ्ट द्या त्याला कपाटावर ठेवायला. माझ्याकडे आहे एक.

रात्रपाळी :
पाळी संपली. @लेथवाला, मानेला नुसता शेक नको, आधी दाखवून घ्या. हाताला मुंग्या येतात का?