‘स्पालपीन’ला मराठीत काय म्हणावं? सालगडी, शेतमजूर की आणखी काही?

प्रश्न
पॅट्रिक मॅकगिल या आयरिश लेखकावर लेख लिहिते आहे. डॉनेगल परगण्यातल्या ग्लेंटीजचा हा गरीब घरचा मुलगा. पोरवयातच स्ट्रबेनच्या बाजारात चाकरीसाठी उभा राहिला, मग बटाटे काढायला स्कॉटलंडला गेला, तिथेच धरणाच्या आणि रेल्वेच्या कामावर राबला. पहिलं महायुद्ध पेटल्यावर लंडन आयरिश रायफल्समध्ये भरती झाला. अशा फिरत्या मजुराला आयरिश भाषेत ‘स्पालपीन’ म्हणतात. मी ‘स्थलांतरित शेतमजूर’ लिहिलंय, पण ते सरकारी अहवालातलं वाटतं. ‘सालगडी’ चालेल का?

प्रतिसाद
‘साल’ अडचणीचं आहे. आपल्याकडे सालगडी पाडव्याला ठरतो आणि पुढच्या पाडव्याला सुटतो. स्ट्रबेन, लेटरकेनीचे बाजार वर्षातून दोनदा, मे आणि नोव्हेंबरात भरत, आणि करार सहा महिन्यांचा असे. पोरं बोचकं घेऊन उभी राहत, शेतकरी अंगकाठी बघून मजुरी ठरवी. पैसे सहसा मुदत संपल्यावरच हातात पडत, त्यामुळे मध्येच काम सोडणं म्हणजे घामावर पाणी. आपला ऊसतोड मजूर आधी घेतलेल्या उचलीने बांधलेला असतो, तो पोरगा न मिळालेल्या मजुरीने. म्हणून ‘उचल’ हा शब्द इथे चुकूनही वापरू नका. ‘सहामाही गडी’ म्हणा, वाचकाला लगेच कळेल.

प्रतिसाद
स्कॉटलंडच्या भागासाठी मात्र ऊसतोडीचे दोन शब्द बिनधास्त घ्या: टोळी आणि मुकादम. डॉनेगलहून आणि आयर्लंडच्याच अकिल बेटावरून बटाटेकाढणीला माणसं टोळीनेच जात, त्यांत बायका आणि मुली पुष्कळ. मुक्कामाच्या जागेला ‘कोपी’ म्हणू नका. कोपी आपण स्वतः उभारतो, ही माणसं शेतमालकाच्या गोठ्यात नाहीतर कोठारात झोपत. 1937 च्या सप्टेंबरात कर्किंटिलॉकला अशाच एका निवाऱ्याला आग लागून अकिलचे दहा तरुण मुलगे गेले. तिथे ‘निवारा’ हा शब्दही लिहवत नाही, पण ‘झोपडी’पेक्षा तोच खरा.

प्रतिसाद
‘स्पालपीन’ मूळ रूपातच ठेवून एकदा अर्थ सांगावा, असं माझं मत. कारण इंग्रजीत गेल्यावर त्याचा अर्थ ‘लुच्चा, टवाळ पोरगा’ असा झाला. पोटासाठी गाव सोडणाऱ्याचं नाव शिवी बनलं. आपल्या ‘बिगारी’चंही असंच झालं. राबला बिचारा बिगारी, आणि कामात कुचराई दिसली की आपण म्हणतो ‘बिगारीचं काम’! भाषांतरात ही जखम झाकली जाऊ नये.

प्रश्नकर्ती
हे पटलं. आता शेवटचा पेच. पलटणीतल्या मॅकगिलला ‘शिपाई’ लिहिलं तर आजच्या वाचकाला कचेरीतला शिपाई दिसतो, ‘जवान’ फार अलीकडचा आणि आपल्याच सैन्याचा वाटतो. शिवाय 1915 मध्ये फ्रान्समधल्या लूसच्या लढाईत तो जखमींना उचलून नेणाऱ्यांत होता.

प्रतिसाद
‘शिपाईगडी’ घ्या ना! पोवाड्यातला जुना शब्द आहे. ‘गडी’ हा आपला मोठा लवचीक शब्द: राबणारा तो गडी, सोबती तो गडी, खेळात आपल्या बाजूचा तोही गडी. सहामाही गडी पुढे शिपाईगडी झाला, हे मराठीत एका शब्दावर तोलता येतं. आणि लूसला 25 सप्टेंबरला हल्ला सुरू झाला तेव्हा याच लंडन आयरिशच्या शिपायांनी फुटबॉल पुढे ढकलत शत्रूच्या खंदकांकडे धाव घेतली होती. म्हणजे खेळगडीसुद्धा! जखमींच्या कामासाठी ‘स्ट्रेचर वाहणारा’ एवढंच साधं लिहा.

प्रश्नकर्ती
खेळगड्याचं सुचलंच नव्हतं. पहिला परिच्छेद ‘गडी’ धरून पुन्हा लिहायला बसते. ‘स्थलांतरित शेतमजूर’ आत्ताच खोडलं.