मॉडेलिंग पेस्टवर जलरंग का धरत नाही?

प्रश्न: शनिवारवाड्याच्या तटाचे दगड उठवायला ३०० जीएसएम (जाड) कागदावर मॉडेलिंग पेस्ट (उठाव देणारा घट्ट लेप) लावली. रंग थेंब होऊन ओघळतो, कागदही वाकलाय. काय करू?

प्रतिसाद: पेस्टमध्ये ॲक्रिलिक (प्लास्टिकसारखा पदार्थ) असतं, ते पाणी नीट शोषत नाही. पेस्ट पूर्ण वाळली की वॉटरकलर ग्राउंडचे (जलरंग धरून ठेवणाऱ्या लेपाचे) दोन पातळ हात द्या आणि २४ तास थांबा. पुण्याच्या पावसाळ्यात आणखी एक दिवस. ग्राउंडवरचा रंग ओल्या ब्रशने लगेच सुटतो, म्हणून रंगाचा दुसरा हात घासू नका, नुसता टेकवा. खाचांत गडद रंग साचू द्या, उंचवटे ओलसर कापडाने टिपा.

प्रतिसाद: पेस्टचा थर १-२ मिमीच हवा. जाड थर वरून आधी सुकतो, आत ओला राहतो, मग तडकतो. कागद आधी बोर्डावर चिकटवा.

प्रश्नकर्ता: धन्यवाद, ग्राउंडच राहिलं होतं!