मदत हवी आहे: फेंटानिलचा पॅच चालू, टेस्टोस्टेरॉन कमी, मग एलएच का वाढलेलं नाही?

रुग्ण पुरुष, वय 38. पाठीच्या जुन्या दुखण्यासाठी 14 महिने फेंटानिलचा (ओपिऑइड म्हणजे अफूच्या गटातलं तीव्र वेदनाशामक) पॅच, ताशी 50 मायक्रोग्रॅम, दर 72 तासांनी नवा. थकवा येतो, कामेच्छा उरलेली नाही. सकाळी 8 चं टेस्टोस्टेरॉन 168, एलएच (मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीचं, वृषणांना टेस्टोस्टेरॉन बनवायला सांगणारं संप्रेरक) 1.6, प्रोलॅक्टिन (त्याच ग्रंथीचं दुसरं संप्रेरक, किंचित चढं) 22. दोष वृषणांत असता तर एलएच चढायला हवं होतं ना? टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं सुचवली आहेत. जोडप्याला मूल हवंय.

प्रतिसाद 1
इंजेक्शन तूर्त घेऊ नका. वृषणं बहुधा ठीक आहेत, त्यांना वरून हुकूमच येत नाहीये. मेंदूतला हायपोथॅलॅमस जीएनआरएच (पिट्युटरीला हुकूम देणारं संप्रेरक) सलग सोडत नाही. साधारण दीड-दोन तासांनी एक ठोका पडतो, आणि त्या ठोक्यावर पिट्युटरी एलएच सोडते. हा ठेका हायपोथॅलॅमसमधल्या, किसपेप्टिन हा संदेशवाहक बनवणाऱ्या पेशी धरतात. त्याच पेशींत डायनॉर्फिन नावाचा शरीराचा स्वतःचा ओपिऑइड असतो, तो ठोका पडून गेल्यावर ब्रेक लावतो. म्हणजे ओपिऑइडचा ब्रेक तिथे मुळातच आहे. फेंटानिल म्यू रिसेप्टरवर (ओपिऑइड जिथे चिकटतात त्या जागेवर) बसून ठोके दाबतं. पॅचमधून ते चोवीस तास झिरपतं, त्यामुळे ठेक्याला सावरायला उसंतच मिळत नाही. प्रोलॅक्टिन चढतं ते डोपामिनचा लगाम सैल पडल्याने.

बाहेरून टेस्टोस्टेरॉन दिलं तर उरलंसुरलं एलएच आणि एफएसएचही (शुक्राणू बनायला लागणारं पिट्युटरीचं संप्रेरक) बंद होईल आणि शुक्राणू शून्यावर येऊ शकतात. मूल हवं असताना हे नकोच.

प्रतिसाद 2
वरच्याशी सहमत. एका रिपोर्टवर जाऊ नका. दुसऱ्या दिवशी उपाशीपोटी, सकाळी 10 च्या आत पुन्हा रक्त द्या. सोबत एफएसएच, एसएचबीजी (रक्तात टेस्टोस्टेरॉन धरून ठेवणारं प्रथिन), प्रोलॅक्टिन आणि वीर्यतपासणी. सकाळी 8 चं कॉर्टिसॉल (अ‍ॅड्रिनल ग्रंथीचं संप्रेरक) हमखास राहून जातं, ते कराच. ओपिऑइड ती साखळीही दाबतात, थकवा तिथलाही असू शकतो. प्रोलॅक्टिन पुन्हा चढंच आलं, डोकं दुखत असेल किंवा कडेचं दिसत नसेल, तर पिट्युटरीचा एमआरआय.

खरा इलाज डोस उतरवणं. पेन क्लिनिकच्या डॉक्टरांच्या देखरेखीखालीच, टप्प्याटप्प्याने. पॅच कापून अर्धा लावू नका, औषध एकदम अंगात जाऊ शकतं. ब्युप्रेनॉर्फिन या दुसऱ्या ओपिऑइडने हा अक्ष (हायपोथॅलॅमस-पिट्युटरी-वृषण ही साखळी) कमी दबतो, पण फेंटानिल अंगात असताना ते घाईने सुरू केलं तर ते फेंटानिलला रिसेप्टरवरून हटवतं आणि विड्रॉवल (औषध तुटल्याचा त्रास) उसळतं. ओपिऑइड सुटल्यावर बहुतेकांचे ठोके काही आठवड्यांत परततात. सोडणं शक्यच नसेल तर एंडोक्रायनॉलॉजिस्टना (संप्रेरकांच्या डॉक्टरांना) एचसीजी या संप्रेरकाबद्दल विचारा. ते एलएचचं काम थेट वृषणांत करतं, वरच्या हुकमाची वाट पाहत नाही.