अनुभव धागा : धम्म शिकवणाऱ्या माणसात तुम्ही काय पाहिलंत?

धागाकर्ता

बौद्ध धम्म दुसऱ्याला शिकवायचा तर माणसाकडे काय लागतं? चीवर, पालीचं ज्ञान, वर्षानुवर्षांची ध्यानसाधना, की आचार्यांची परवानगी? मतं भरपूर वाचली, आता अनुभव लिहा. चांगलं असो वा वाईट, शिकवणाऱ्याचं नाव मात्र घेऊ नका.

सुरुवात मी करतो. मला चार आर्यसत्यं समजावली ती नुकतीच प्रव्रज्या, म्हणजे घरदार सोडून संघात जाण्याची दीक्षा, घेतलेल्या एका भिक्खूंनी. मी उत्साहाने प्रतीत्यसमुत्पादावर (कारणांमुळे सगळं उपजतं या सिद्धांतावर) घसरलो, तर शांतपणे म्हणाले, "इथपर्यंत मला कळलंय. पुढचं थेरांना, ज्येष्ठ भिक्खूंना, विचारा." पुढे विनयात, म्हणजे भिक्खूंच्या नियमांच्या ग्रंथात, बुद्धांचे शिष्य अस्सजी यांची गोष्ट वाचनात आली. राजगृहात भिक्षेला निघालेल्या अस्सजींची नुसती चाल आणि नजर बघून सारिपुत्त (पुढे बुद्धांचे प्रमुख शिष्य झालेले) त्यांच्या मागे गेले आणि तुमचे शास्ते, म्हणजे गुरू, काय सांगतात, असं विचारलं. अस्सजींचं उत्तर काय? मी नवा आहे, विस्ताराने सांगता येणार नाही, थोडक्यात अर्थ सांगतो. मग कारणातून उपजणाऱ्या धर्मांबद्दलची ती चार चरणांची गाथा. सारिपुत्तांना तेवढी पुरली! आमच्या भिक्खूंचं ते वाक्य तेव्हापासून मला वेगळंच ऐकू येतं.

विनयवाचक

काही वर्षं मी चीवरात होतो, आता गृहस्थ आहे. नव्या भिक्खूला किमान पाच वर्षं आचार्यांच्या निश्रयात, म्हणजे त्यांच्या आश्रयाने आणि देखरेखीखाली, राहावं लागतं. त्यातला शिकवण्याचा भाग फार थोडा. आचार्य मुख्यतः बघत असत. उठवल्यावर मी कसा उठतो, दुसऱ्याची स्तुती झाली की माझा चेहरा कसा होतो, असल्या गोष्टी. तेव्हा वैताग यायचा.

उपाध्याय, म्हणजे दीक्षागुरू, होऊन दुसऱ्याला उपसंपदा (भिक्खूची पूर्ण दीक्षा) द्यायला दहा वर्षावास, म्हणजे भिक्खूपणाचे दहा पावसाळे, लागतात. हा नियम आला तो उपसेन नावाच्या भिक्खूंमुळे. स्वतःचा एकच वर्षावास झालेला असताना त्यांनी शिष्य केला. बुद्धांनी फटकारलं : तुलाच अजून दुसऱ्यांनी शिकवायचं आहे, आणि तू दुसऱ्याला शिकवायला निघालास? म्हणून दहा वर्षांची अट. पण गंमत पुढेच आहे. मग 'आमची दहा वर्षं झाली' एवढ्याच जोरावर अडाणी भिक्खू उपाध्याय होऊ लागले, आणि शिष्य त्यांच्याहून शहाणे निघाले. तेव्हा नियमात भर पडली : दहा वर्षं, आणि शिवाय समर्थ. ज्येष्ठतेवर सगळं सोडून देणाऱ्यांनी ही दुरुस्ती जरूर वाचावी.

उपासिका

विनयवाचक, छान लिहिलंय, पण उपसंपदा देणं वेगळं आणि धम्म सांगणं वेगळं. धम्म सांगायला चीवर लागत नाही. धम्मकथा सांगणाऱ्या उपासकांमध्ये बुद्धांनी अग्रस्थान दिलं ते चित्त नावाच्या गहपतींना, म्हणजे गृहस्थाला. एकदा थेर भिक्खूंमध्येच वाद लागला होता की बंधन आणि ज्यांना ते बांधतं त्या गोष्टी एकच की निराळ्या. चित्तांनी विचारलं, काळा आणि पांढरा बैल एका दाव्याने बांधले, तर काळा बैल पांढऱ्याचं बंधन झाला का? बंधन ते दावं. तसं डोळा रूपाला बांधत नाही आणि रूप डोळ्याला. दोघांमुळे जी आसक्ती उपजते, ते बंधन. एक गृहस्थ थेरांना समजावतोय आणि थेर ते आनंदाने ऐकतायत. बुद्धांची उपासिका खुज्जुत्तरा तर दासी होती. बहुश्रुत उपासिकांमध्ये तीच पहिली.

आणि १४ ऑक्टोबर १९५६ विसरून कसं चालेल? बाबासाहेबांनी भिक्खू चंद्रमणींकडून त्रिशरण-पंचशील घेतलं आणि लगेच, स्वतः गृहस्थ असताना, लाखोंना दीक्षा दिली.

मला शिकवलं एका गृहिणीने. पाली तिला येत नसे, पण मज्झिम निकायाचं (बुद्धांच्या सूत्रांच्या एका संग्रहाचं) भाषांतर हाताळून हाताळून सुटं झालेलं. घरात कुणाशी वाजलं असेल तर बसल्या बसल्या सांगायची, "आज सम्यक वाचा नको गं, माझीच ठीक नाही. दुसरं सूत्र काढा."

शंकासुर

ही बाई मला आवडली, तरी पटली नाही. शील पक्कं झाल्याशिवाय शीलावर बोलायचं नाही म्हटलं तर निम्मी प्रवचनं बंद पडतील (पडली तरी हरकत नाही म्हणा). मी अभिधम्म, म्हणजे मनाचं बारीक विश्लेषण करणारा बौद्ध ग्रंथभाग, शिकलो तो एका प्राध्यापकांकडे, जे आयुष्यात ध्यानाला बसले नाहीत आणि स्वतःला बौद्धही म्हणवत नाहीत. पण चित्त-चेतसिकांचं, म्हणजे मन आणि त्याच्या वृत्तींचं, वर्गीकरण इतकं स्वच्छ सांगायचे की नंतर ध्यानात मला त्याचा आधार झाला.

उपासिका

शंकासुर, त्यांनी तुम्हाला ग्रंथ शिकवला, आणि चांगला शिकवला. राग आल्यावर काय करायचं हे विचारायला तुम्ही त्यांच्याकडे गेला असतात का?

शंकासुर

नसतो गेलो. मान्य. 'अत्तानमेव पठमं' या धम्मपदातल्या गाथेत तोच क्रम आहे : आधी स्वतःला योग्य ठिकाणी बसव, मग दुसऱ्याला उपदेश कर. तरीही प्राध्यापकांना मी शिक्षकच म्हणणार.

काठावरचा

मी झेन साधना करतो. आमच्याकडे गुरू शिष्याला मान्यता देतात, परंपरेची वंशावळ असते. ती पाहूनच मी एका गटात गेलो होतो. पहिल्यांदा शंका विचारली तेव्हा 'हा तुझा अहंकार बोलतोय' असं उत्तर आलं. दुसऱ्यांदाही तेच. मग 'विशेष मार्गदर्शना'चं वेगळं शुल्क निघालं आणि मी बाहेर पडलो. वंशावळ बहुधा खरीच होती, पण त्या उत्तरांवर तिचा काही परिणाम झालेला दिसला नाही. वीमंसक सुत्तात बुद्ध भिक्खूंना खुद्द तथागतांचीच, म्हणजे स्वतःचीच, परीक्षा घ्यायला सांगतात, जे दिसतं आणि जे ऐकू येतं त्यावरून.

पाली_विद्यार्थी

काठावरच्यांनी शुल्काचं काढलं म्हणून. उदायी नावाचे भिक्खू गृहस्थांच्या मोठ्या सभेत धम्म सांगत बसले होते, ते शिष्य आनंदांनी बुद्धांच्या कानावर घातलं. तेव्हा बुद्ध म्हणाले, दुसऱ्याला धम्म सांगणं सोपं नाही. पाच गोष्टी मनाशी धरून सांगावा. क्रमाने सांगेन, कारण दाखवत सांगेन, करुणेने सांगेन, लाभासाठी सांगणार नाही, स्वतःला वा दुसऱ्याला न दुखावता सांगेन. पाचांत पांडित्याचा उल्लेखच नाही.

आनापान

मला एक वेगळाच अनुभव आहे. दीर्घ मौन शिबिरात माझी झोप उडाली, विचार सुसाट धावायला लागले, भास व्हायला लागले. मला वाटलं प्रगती होतेय! शिकवणाऱ्या बाईंनी दोन-चार प्रश्न विचारले आणि सरळ सांगितलं, "बैठक आजपासून बंद. घरच्यांना बोलावते, डॉक्टरांना दाखवा." 'आणखी जोर लावा' म्हणाल्या असत्या तर मी लावला असता. नंतर त्या म्हणाल्या की अशा अवस्थेतली माणसं त्यांनी आपल्या आचार्यांसोबत आधी पाहिली होती, म्हणून ओळखता आलं. हे सूत्रं पाठ करून येत नाही. विनयवाचकांच्या आचार्यांचं ते 'बघणं' मला म्हणूनच महत्त्वाचं वाटतं.

सहाध्यायी

आमच्या अभ्यासगटात शिक्षक नाही, आळीपाळीने एकेकजण सूत्र मांडतो. हा धागा वाचून दोन गोष्टी ठरवल्या. एक, मांडणाऱ्याने 'सूत्रात आहे', 'अट्ठकथेत (सूत्रांवरच्या जुन्या टीकेत) आहे' आणि 'मला वाटतं' हे तिन्ही वेगळं सांगायचं. दुसरी, ध्यानात कुणाला त्रास झाला तर गटात सल्ले द्यायचे नाहीत, अनुभवी आचार्यांकडे किंवा डॉक्टरांकडे पाठवायचं. पुढची पाळी माझी आहे आणि सूत्र उदायींचंच घेतलंय. पाली_विद्यार्थी, 'क्रमाने' म्हणजे दान-शीलापासून चढत जाणारी आनुपूर्वी कथाच ना? अट्ठकथा काय म्हणते ते सवडीने लिहाल का?