वाफ्यात मांजरी उकरतात, बी टिकतच नाही, काय करू?

रोपवाली
आठ दिवसांपूर्वी वाफा खणून माती छान भुसभुशीत केली, पालक आणि गाजराचं बी टाकलं, आणि आता रोज सकाळी बघते तर कुठेतरी नवा खड्डा, बी उधळलेलं आणि खाली शी. भटक्या मांजरी आहेत, दोन तरी नक्कीच. त्यांना इजा करायची नाहीये मला, पण परत परत पेरून थकले. कोणी म्हणतं डांबरगोळ्या टाका, कोणी म्हणतं तिखट टाका. घरात सून गरोदर आहे, त्याची वेगळी काळजी. प्लीज सांगा.

मातीतला माणूस
ताई डांबरगोळ्या अजिबात नको, विषारी असतात त्या आणि तुम्ही तिथली भाजी खाणार आहात. तिखटही नको, पंजाला लागतं मग मांजर तोच पंजा चाटतं, डोळ्यांवरून फिरवतं, फार हाल होतात.
मांजराला शी करून वर माती ओढायची असते, त्यासाठी कोरडी मोकळी माती लागते, नवा वाफा म्हणजे नेमकं तेच. उकरताच आलं नाही तर ते दुसरीकडे जातं. मी कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात ती जाळी वाफ्यावर आडवी अंथरतो, तारांची टोकं खाली दुमडून कडेला विटा ठेवतो. रोपं भोकांतून वर येतात. फक्त गाजराच्या वाफ्यावर ती फार दिवस ठेवू नका, पाला गुंतला की जाळी उचलताना रोपं उपटून येतात (माझा अर्धा वाफा असाच गेला), रोपं बोटभर झाली की जाळी काढून मधेमधे काटक्या खोचा.

हिरवा कोपरा
काटक्यांना +१, चार-चार बोटांवर उभ्या खोचायच्या, मांजराला बसायला जागाच उरत नाही. पण आधी जुनी शी खालच्या मातीसकट काढा, वास राहिला तर परत येणारच. संत्र्याच्या सालींचा वास एकदोन दिवसांत उडतो, त्यावर विसंबू नका. मला सगळ्यात जास्त उपयोग झाला तो लांबच्या कोपऱ्यात वाळूचा ढीग करून दिल्याचा, तो मात्र रोज साफ करावा लागतो.

अनुभवी आजी
सुनेला त्या मातीत हात घालू देऊ नका. मांजराच्या शीतून टॉक्सोप्लाझ्मा नावाचा परजीवी पसरू शकतो आणि गरोदरपणात पहिल्यांदाच लागण झाली तर पोटातल्या बाळाला धोका असतो. घाबरू नका, प्रत्येक मांजराच्या शीत तो नसतो, पण ओलसर मातीत तो कित्येक महिने जिवंत राहतो म्हणून शी आज काढली तरी माती लगेच सुरक्षित झाली असं नाही. तुम्हीही हातमोजे घाला, नंतर साबणाने हात धुवा, या वाफ्यातली भाजी तिला कच्ची देऊ नका, नीट शिजवूनच द्या. आणि डॉक्टरांच्या कानावर घाला.

रोपवाली
सगळ्यांचे आभार. सुनेला आजच सांगितलं, डॉक्टरांनाही विचारतो आहोत. शी मातीसकट काढली, जाळी उद्या आणते. वाळूचा ढीग उघड्यावर चालेल का, पावसात भिजला तर मांजरी परत वाफ्याकडे वळतील ना?

हिरवा कोपरा
वळतील, ओली वाळू त्यांना आवडत नाही. वर पत्र्याचा तुकडा तिरका टाका, दोन बाजू मोकळ्या ठेवा.