मदत हवी आहे: डिझेल पिकअपचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, फक्त टॉर्क कन्व्हर्टर बदलू की सगळंच उघडू?

नमस्कार मंडळी,

मी डेन्व्हरला असतो. आमच्या ढोल-ताशा पथकाचा ट्रेलर ओढायचं काम माझ्या पिकअपकडे आहे. गणपतीला नऊ आठवडे उरलेत आणि यंदा सॉल्ट लेक सिटीच्या मिरवणुकीचं आमंत्रण आहे. पोरं मार्चपासून दर रविवारी सराव करताहेत. ट्रक आज ज्या अवस्थेत आहे तसा घेऊन डोंगर चढायची माझी हिंमत होत नाही, म्हणून विचारतो आहे.

गाडी डॉज रॅम २५००, २००४ च्या उत्तरार्धातली. ५.९ लिटरचं कमिन्स डिझेल, ३२५ हॉर्सपॉवर, ६०० फूट-पौंड टॉर्क. गिअरबॉक्स ४८आरई, चार गिअरचा. १,८६,००० मैल झालेत. मी तीन वर्षांपूर्वी घेतली, तिसरा मालक. ट्रेलर भरला की ६००० पौंडांच्या आसपास जातो: पंचेचाळीस ढोल, ताशे, ध्वज, जनरेटर, स्पीकर आणि मखराच्या फळ्या.

मे महिन्यात आय-७० महामार्गावरून आयझेनहॉवर बोगद्याकडे चढत होतो. बोगदा ११,००० फुटांच्या वर आहे, त्यामुळे शेवटचे मैल गाडीचा दम काढतात. ओव्हरड्राइव्ह (चौथा गिअर) बंद, तिसरा गिअर, लॉकअप लागलेलं (टॉर्क कन्व्हर्टर इंजिनची ताकद ऑइलमधून गिअरबॉक्सला देतो; लॉकअप म्हणजे त्याच्या आतला क्लच, जो दोघांना थेट जोडतो). अचानक आरपीएमचा काटा तीनशेने वर गेला, वेग मात्र तेवढाच. जरा पाय सैल केला की काटा खाली, दाबला की परत वर. गिअरबॉक्सच्या ऑइलचं तापमान २४५ फॅरनहाइट, म्हणजे ११८ सेल्सिअस. एरवी ते १८० च्या पुढे जात नाही. कडेला थांबून न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवलं तेव्हा हळूहळू उतरलं. त्यानंतर सपाट रस्त्यावरही ५५ च्या वेगाला, ॲक्सिलरेटर हलका असताना, रस्त्याकडेच्या खरबरीत पट्ट्यांवरून गेल्यासारखी थरथर येते.

मी आतापर्यंत काय तपासलं ते सांगतो. थरथर चालू असताना डाव्या पायाने ब्रेक पेडलला नुसता स्पर्श केला. ब्रेकचा स्विच लागला की लॉकअप सुटतं, आणि थरथर त्याच क्षणी थांबली. म्हणजे दोष कन्व्हर्टरच्या लॉकअप क्लचमध्ये असावा. या गाड्यांत अल्टरनेटरचे डायोड खराब झाले तरी लॉकअप उगाच लागतं-सुटतं, म्हणून बॅटरीवर एसी व्होल्टेज मोजलं. ०.०३ व्होल्ट आलं, तिथे काही नाही. ऑइलची पातळी गरम इंजिनवर, न्यूट्रलमध्ये बघितली, बरोबर आहे. (या गिअरबॉक्सचा पंप पार्कमध्ये कन्व्हर्टरला ऑइल देत नाही. पार्कमध्ये मापलं तर चुकीचं दिसतं. हे मला पहिली दोन वर्षं माहीत नव्हतं.)

मागच्या शनिवारी गिअरबॉक्सच्या तळाचं ऑइलचं पॅन उतरवलं. मूळ पॅनला ड्रेन प्लग नसतो, त्यामुळे एक कोपरा सोडून वाकवून काढावं लागतं. खाली मोठी परात ठेवूनही ड्राइव्हवे लाल झाला. ऑइल लाल कमी, चहाच्या कोऱ्या काढ्यासारखं जास्त, आणि करपलेला वास. चुंबकावर राखाडी लगदा होता, बोटाने पुसला तर लोण्यासारखा पसरला. पॅनच्या तळाशी मऊ काळी कणी होती. पितळेसारखी चमक मात्र कुठेही दिसली नाही, टॉर्च लावून दोनदा बघितलं.

आणखी एक. डॅशबोर्डखाली वायरिंग शोधताना आधीच्या कोणीतरी बसवलेला पॉवर वाढवणारा ट्यूनर सापडला. मी तीन वर्षं त्याच वाढीव ताकदीवर ट्रेलर ओढत होतो आणि मला पत्ताच नव्हता. तो काढून ठेवलाय.

आता दोन गॅरेजचे दोन सल्ले. पहिला म्हणतो, गिअरबॉक्स पूर्ण उघडा, सगळे क्लच, बँड (आतले ड्रम आवळून धरणारे पट्टे), बिलेट इनपुट शाफ्ट (कन्व्हर्टरची ताकद आत नेणारा दांडा, मूळपेक्षा मजबूत), तीन प्लेटचा कन्व्हर्टर, नवी व्हॉल्व्ह बॉडी (ऑइलचा दाब वाटून गिअर बदलणारा भाग), ६८०० डॉलर. दुसरा म्हणतो, फक्त कन्व्हर्टर आणि व्हॉल्व्ह बॉडी, २९०० डॉलर. गाडी माझी आहे, पथकाच्या पैशाला हात लावायचा नाही, त्यामुळे फरक मोठा आहे.

मला वाटतं ते असं: मूळ कन्व्हर्टरमध्ये लॉकअपला एकच प्लेट असते. ट्यूनरच्या ताकदीपुढे ती घसरत राहिली, घसरण्याने उष्णता झाली, उष्णतेने ऑइल करपलं. पण तीन प्लेटचा कन्व्हर्टर घट्ट धरायला लागला की सगळा जोर पुढच्या कच्च्या दुव्यावर जाणार, आणि तो मूळ इनपुट शाफ्ट असेल का? ट्यूनर काढल्यावरही ही भीती खरी आहे का? आणि काळी कणी आतल्या क्लचची आहे की नुसती लॉकअप प्लेटची, हे न उघडता कसं ओळखायचं?

प्रतिसाद

दादा, मी टेक्सासला आहे, दहा वर्षं हेच काम करतो. तुमची ब्रेकची चाचणी अगदी योग्य आहे. पितळेची चमक नाही ही सगळ्यात चांगली बातमी, म्हणजे बुशिंग आणि थ्रस्ट वॉशर (फिरत्या भागांना आधार देणारे) अजून शाबूत असावेत.

आतल्या क्लचचं बघायचं तर गाडी रिकामी असताना प्रत्येक गिअर स्वतंत्र तपासा. पहिल्यातून दुसऱ्यात जाताना आरपीएम उडतो का? रिव्हर्स टाकल्यावर लागायला वेळ लागतो का? दोन्ही ठीक असतील आणि लाइन प्रेशर (गिअरबॉक्समधल्या ऑइलचा मुख्य दाब) गेजवर नीट येत असेल, तर मी २९०० वालं काम करीन. इंजिन मूळ ताकदीवर असेल तर मूळ शाफ्ट ६००० पौंडांना पुरतो. शाफ्ट तुटतात ते ट्यूनर लावून, घट्ट कन्व्हर्टर घालून, जागेवरून दाबून काढणाऱ्यांचे. ट्यूनर परत लावायचा मोह होणार असेल तर मात्र पूर्ण काम करा.

एका गोष्टीत तडजोड करू नका. गिअरबॉक्सचं ऑइल थंड करणारा कूलर आणि त्याच्या नळ्या धुवून घ्या, किंवा कूलर नवाच घाला. जुनी कणी तिथे बसलेली असते आणि नव्या कन्व्हर्टरमध्ये पहिल्याच दिवशी जाते. ऑइल फक्त एटीएफ+४ (या गिअरबॉक्ससाठीचा ठरलेला प्रकार). "सगळ्या गाड्यांना चालतं" म्हणून मिळतं ते नको. बँड ॲडजस्ट करून घ्या आणि पॅन ड्रेन प्लगवालं, खोल बसवा, म्हणजे पुढच्या वेळी ड्राइव्हवे वाचेल.

प्रतिसाद

काका, गाडीचं मला कळत नाही, पण रस्त्याचं सुचवते. आम्ही गेल्या वर्षी फोर्ट कॉलिन्सहून वायोमिंगमार्गे आय-८० ने गेलो. त्या रस्त्याचा सर्वांत उंच भाग शायान आणि लॅरमीच्या मध्ये ८,६४० फुटांवर आहे, बोगद्यापेक्षा बराच खाली. फक्त लॅरमीच्या पुढे वारा भयंकर असतो. बंद ट्रेलर असेल तर आदल्या रात्री वाऱ्याचा इशारा बघूनच निघा.

मूळ लेखक

दोघांचे मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणे रिकाम्या गाडीने तपासलं. रिव्हर्स लगेच लागतो. प्रेशर गॅरेजमध्ये मोजून घेतलं, ठीक निघालं. दुसरा गिअर गार असताना किंचित उशिरा येतो, गरम झाल्यावर नाही. कन्व्हर्टर, व्हॉल्व्ह बॉडी आणि नवीन कूलर असं काम पुढच्या मंगळवारी ठरवलंय, ट्यूनर माझ्या हाताने भंगारात टाकला. सॉल्ट लेकला आय-८० नेच जाऊ, पोरांना सांगितलं.

टेक्सासवाल्या दादांना एकच विचारायचं राहिलं. तो दुसऱ्या गिअरचा गार असतानाचा उशीर पुढच्या बँडच्या ॲडजस्टमेंटने जाईल, की व्हॉल्व्ह बॉडी बदलल्यावर आपोआप जाईल? मंगळवारच्या आत कळलं तर मेकॅनिकला तसं सांगून ठेवतो.