‘चेंडूवर ताबा’ की ‘चेंडूचा ताबा’?

प्रश्न: महिला फुटबॉल विश्वचषकाच्या बातम्यांत पझेशनसाठी, म्हणजे चेंडू एखाद्या संघाकडे असण्यासाठी, कधी ताबा, कधी नियंत्रण, कधी वर्चस्व असं छापून येतं. तिन्ही एकच धरायचे का?

प्रतिसाद: वर्चस्व तर मुळीच नको. ३१ जुलै २०२३, वेलिंग्टन, जपान-स्पेन सामना आठवा. सुमारे ७७ टक्के वेळ चेंडू स्पेनकडे आणि निकाल ४-०, तोही जपानच्या बाजूने! जपानच्या मुली मागे दाट फळी करून उभ्या राहिल्या, स्पेनला आडवे पास खुशाल खेळू दिले. पास चुकला रे चुकला की पुढे लांब चेंडू आणि मियाझावाची धाव. हे ‘स्पेनचं ७७ टक्के वर्चस्व’ म्हणणाऱ्या उपसंपादकाला दंडवत.

प्रतिसाद: सातबारा स्पेनचा, पीक जपानचं!

प्रतिसाद: ‘वर’ आणि ‘चा’मध्ये फरक करावा असं मला वाटतं. चेंडूवर ताबा एकट्या खेळाडूचा. उंचावरून आलेला चेंडू पायावर अलगद झेलला, की ताबा मिळाला. आणि तो सुटतो. नियंत्रणही इथंच बसतं. चेंडूचा ताबा मात्र संघाकडे असतो. तो राखतात, गमावतात, परत मिळवतात.

त्याच स्पर्धेच्या अंतिम सामन्यातला एकमेव गोल पाहा. इंग्लंडची ल्यूसी ब्राँझ आपली उजवी बाजू सोडून चेंडू घेऊन मधे घुसली आणि स्पेनच्या खेळाडूंच्या गराड्यात अडकली. तिचा चेंडूवरचा ताबा सुटला, तिथंच इंग्लंडने चेंडूचा ताबाही गमावला. स्पेनच्या आबेयेराने चेंडू लगेच ब्राँझने मोकळ्या सोडलेल्या बाजूला टाकला. मारिओनाकडून तो कार्मोनाच्या डाव्या पायावर आला, २९व्या मिनिटाला गोल. स्पेन जगज्जेता.

प्रश्न: आणि फिफा हल्ली आकडेवारीत तिसरा आकडा दाखवते, चेंडू धड कोणाकडेच नाही तो वेळ? ‘वादग्रस्त ताबा’ म्हणावं का?

प्रतिसाद: नको हो, तहसील कचेरीत आल्यासारखं वाटतं. ‘झटापटीत’ म्हणा.

प्रतिसाद: झटापटीत आवडलं. पझेशन फुटबॉलला मी ‘चेंडू राखून खेळणं’ म्हणतो. मथळ्यात मावत नाही, ही खरी अडचण.